तीच गाडी, तोच चढ

फोन वाजला तेव्हा फौजदार महिपत निचिते यांनी जेवणाचा पहिला घास उचलला होता. फोनला ही वेळ बरोबर कळते, असं त्यांचं फार दिवसांचं मत होतं.

"साहेब, वैशाखऱ्याच्या वर, उंबरवाडीच्या चढावर जीप मागं आली. खड्ड्यात पडली. म्हशाच्या जत्रेवरनं परतणारी माणसं हायेत. एक म्हातारी दबलेय."

"जिवंत आहे का?"

पलीकडून काहीच नाही. लाइन गेली की माणूस गप्प झाला, तेही कळेना. दोन हजार चार साल उजाडलं तरी चौकीचा फोन सुधारला नव्हता. निचितेंनी घास ताटात टाकला, रिसीव्हर आपटला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"कमळू! गाडी काढ. आणि आज तरी ती चालू होऊ दे रे बाबा."

चौकीची जीप वनराज बनावटीची होती. त्या भागात वडाप करणारे, म्हणजे सीट भरून भाडं मारणारे, निम्मे लोक वनराजच चालवायचे. त्यांच्या जीपा माणसं कोंबूनसुद्धा डोंगर चढत, आणि चौकीची जीप दोन शिपाई बसले तरी धापा टाकत असे. दोन वर्षं या गाडीनं निचितेंचं रक्त आटवलं होतं. एकदा तर चोर डोंगराच्या वाटेनं पायी पळाला आणि जीप त्याच्यामागे रस्त्यानं जाऊन हरली होती. सबंध बाजार हसला होता.

आज मात्र गाडी वैशाखऱ्याच्या पुढच्या चढाला लागली आणि थांबलीच नाही.

"बघा साहेब, दुसऱ्या गिअरात चढतेय!" कमळू खूश होऊन म्हणाला.

"चढणारच. गॅरेजवाल्या साईनाथला मुरबाडात जाऊन असा दम दिलाय की सात पिढ्या लक्षात ठेवील. ओरडल्याशिवाय या तालुक्यात एक नट फिरत नाय." निचिते क्षणभर समाधानानं टेकून बसले. लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हे बारीक शीळ घातल्यासारखं काय वाजतंय?"

"पट्टा असंल."

"म्हणजे एक दुरुस्त केलं आणि दुसरं बिघडवलं. धन्य आहे."

उंबरवाडीच्या चढावर डांबर संपून खडी सुरू होत होती. तिथंच ती जीप मागच्या अंगानं खड्ड्यात रुतून बसली होती. वनराजच. मागच्या दारावर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. जत्रेत घेतलेली भांडी आणि रेवड्या रस्ताभर पसरल्या होत्या. कडेला एक नवी कोरी घोंगडी पांघरलेली दिसली. तिच्याखाली ती म्हातारी, गुणाबाई, होती. घोंगडी तिनंच त्या सकाळी जत्रेत पारखून घेतली होती.

तिच्या उशाशी एक बाई बसली होती. धोंडीबाई, मयताची धाकटी बहीण. रडत नव्हती. घोंगडीचा कोपरा उजव्या हातानं पुन्हा पुन्हा सारखा करत होती. त्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातच संपलं होतं. कधीतरी भात कापताना विळा लागला असणार.

गाडीचा मालक आणि ड्रायव्हर एकच होता. सुनिल, धोंडीबाईचा मुलगा. तो थोड्या अंतरावर दगडावर बसला होता. आई त्याच्याकडे एकदाही बघत नव्हती.

"प्यायलायस?"

"नाय साहेब. वास घ्या."

निचितेंनी घेतला. वास नव्हता.

"किती माणसं होती?"

"आत बारा. टपावर चार पोरं."

"सोळा! लाज नाय वाटत?"

"दिवाळीला याच्यापेक्षा जास्त होती. तवा चढली. रोज चढते साहेब."

"मग आज काय झालं?"

"ओढलीच नाय. पयला गिअर टाकला, पाय पार खाली दाबला. घुं घुं करून बंद पडली. ब्रेक धरला, तर चाकं खडीवरनं मागं घसरली." सुनिलनं तोंडावरून हात फिरवला. "मावशी मागं दाराशीच बसली होती. तिला वारा लागतो म्हणून मीच बसवली तिथं."

एवढ्यात मागून दुसऱ्या जीपवाल्यानं तोंड घातलं. तो नवशा. त्याच लाइनीवर त्याचीही वनराज चाले आणि सकाळीच म्हशात सीट भरण्यावरून दोघांची हमरीतुमरी झाली होती, हे तिथल्या चौघांनी न विचारता सांगून टाकलं.

"माझी पण टर्बोच हाय साहेब," नवशा म्हणाला. "माझ्या टपावर तर सहा पोरं होती. मी याच्या मागंच होतो. हा पडला, मी बाजूनं चढवली. गाडी तीच, चढ तोच. मग चुकलं कोन? डायवर!"

लोकांनी माना हलवल्या. निचितेंनीही हलवली. त्यांना ते पटलं होतं. दोन वर्षं ते हेच तर ओरडत होते, की गाडी तीच असेल तर चढलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मोटार निरीक्षक आले. खड्ड्यातून काढून चौकीच्या आवारात लावलेली सुनिलची जीप त्यांनी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, इंजिन चालू. यांत्रिक दोष नाही. त्यांनी सही केली आणि चहा न घेताच गेले.

मग तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. तो बरोबर लागला. असे फोन बरोबर लागतात.

"निचिते, आरोपी तुमच्या कोठडीत आहे, साक्षीदार आहेत, निरीक्षकांचा कागद आहे. अजून काय हवंय? मुहूर्त?"

"नाय सर. दोषारोपपत्र पाठवतो."

पाठवलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण धोंडीबाई येऊन बसली होती. चौकीच्या पायरीवर. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन. ती सकाळी येई आणि शेवटच्या एसटीला परत जाई. बोलत काहीच नसे. निचितेंना येता-जाता तिला ओलांडून जावं लागे आणि दर वेळी त्यांचं डोकं फिरे.

"बाई, तुमी हितं बसून पोरगा सुटणार नाय."

"सोडा असं मी बोल्ले का?"

"मग?"

"माजी बहीन गेली. त्याला फाशी द्या नायतर काय पन करा. मला फक्त सांगा, गाडी का नाय चढली?"

"त्यानं नीट चालवली नाय म्हणून."

"तो रोज चालवतो."

"मग मला काय माहीत!" निचिते ओरडले. कमळू दचकून बाहेर आला. बाई हलली नाही.

"आदल्या दिशी भात पन कच्चा राह्यला," ती म्हणाली.

"कसला भात?"

"गाडी खालच्या वळनावर आली का शिट्टी वाजते. वर वाडीत आईकू येते. मी मंग चुलीवर भात टाकते. तो दारात येईस्तो भात व्हतो. जत्रंच्या आदल्या दिशी गाडी गॅरेजातनं आनली, तवा शिट्टी आलीच नाय. पोरगा दारात हुबा आनि भात कच्चा."

"बाई, तुमची बहीण मेलेय आणि तुमी मला भाताचं सांगताय?"

निचिते आत गेले, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. दोषारोपाचा कागद समोर ओढला आणि तसाच बाजूला सारला. हा भात आता डोक्यातून जाणार नव्हता. त्यांना स्वतःचाच संताप आला.

ते कोठडीपाशी गेले.

"गाडी गॅरेजात कशाला टाकली होतीस?"

"ऑइल बदलायला. जत्रंच्या आधी सगळेच टाकतात. मुरबाडला, साईनाथकडं."

"आणल्यावर काय वाटलं?"

"जड वाटली. मी फोन केला त्याला. बोल्ला, नवं ऑइल हाय, दोन दिवस दे."

"बॉनेट उघडून बघितलंस?"

"बघितलं. सगळं जाग्यावर व्हतं."

मुरबाडात साईनाथचं गॅरेज कुलूपबंद होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, सासुरवाडीला गेलाय. कधी येणार? माहीत नाही. कुठली सासुरवाडी? तेही माहीत नाही. निचितेंनी कुलपाला एक लाथ घातली. त्यानं फक्त पाय दुखला.

राहता राहिला अनिल पष्टे. सुनिलनं ही जीप जुनी घेतली होती ती शहापूरच्या या माणसाकडून. महामार्गावर त्याचं 'मनस्वी ऑटो स्पेअर्स' नावाचं दुकान होतं. मुलीच्या नावाचं दुकान आणि मुलीचाच फोटो गल्ल्यावर. निचिते तिथं पोचले तेव्हा धुळीनं त्यांचा गणवेश पिवळा पडला होता.

"फसवून विकलीस ना गाडी?"

"काय बोलताय साहेब!" अनिल उभाच राहिला. "एक नंबर गाडी होती. टर्बो. सोळा काय, वीस माणसं ओढली असती."

"टर्बो, टर्बो! मला एकदा नीट सांग. आमच्या चौकीला पण वनराज आहे. तेच तोंड, तेच टायर, तेच नाव. मग एक चढते आणि एक रडते, हे काय गौडबंगाल आहे?"

अनिल हसला. "हे सगळेच विचारतात. साहेब, गाडीचं नाव एक असतं, पण कंपनी ती दोन-तीन प्रकारांत काढते. घरी चूल आहे ना?"

"आहे."

"लाकडं कोंबली म्हणून जाळ होतो का? वारा लागतो. वहिनी फुंकणी घालतात तेव्हा तीच चूल भडकते. टर्बो म्हणजे फुंकणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम हवेवर एक पंखा फिरतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा म्हणून जास्त डिझेल जळतं. साधीला साठेक हॉर्सपॉवर, टर्बोला नव्वद. लोखंड जवळपास तेच."

"मग सगळ्यांना टर्बो का देत नाय?"

"किंमत वाढते. आणि सपाटीवर फिरणाऱ्याला हवाय कशाला? सरकारी खात्याला तर सगळ्यात साधी जाते. धुराचे नियम बदलले की त्याच गाडीची ताकद आणखी इकडची तिकडे होते. डिझेलच्या पंपावर एक स्क्रू असतो, त्याला शिशाचं सील. किती डिझेल सोडायचं ते त्या स्क्रूवर ठरतं. आतली हवा आणि डिझेल जुळलं पाहिजे, एवढाच खेळ."

"शिट्टी वाजते ती कशाची?"

"त्या पंख्याची. टर्बोची ओळखच ती."

निचितेंसमोर भात पुन्हा येऊन बसला.

"समज, चालता चालता टर्बो बिघडला. तर?"

"तर लपत नाही साहेब. हवा कमी आणि डिझेल तेवढंच. काळाकुट्ट धूर. मागच्या गाडीवाल्याचं तोंड काळं होतं."

परतताना त्यांनी धसईच्या नाक्यावर नवशाला गाठला. तो टपावर भाजीची पोती चढवत होता. पोलीस बघून त्याचा चेहरा पडला.

"बॉनेट उघड."

"का साहेब? मी काय केलं?"

"उघड म्हटलं ना!"

नवशानं उघडलं. अनिलनं दुकानात दाखवला होता तसा गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी गोळा आत दिसला. त्याच्या सगळ्या नटांवर धूळ आणि तेलाचा जुना थर बसला होता. वर्षभरात तिथं कुणी पाना लावला नव्हता. निचितेंची निराशा झाली. त्यांना नवशाच हवा होता.

"त्या दिवशी सुनिलच्या मागं तूच होतास. गाडी दम सोडत होती तेव्हा धूर किती येत होता?"

"धूर? नाय. धूर कुठला? मी पार चिकटून व्हतो. साफ व्हती गाडी."

"नक्की?"

"माझा पांढरा शर्ट व्हता साहेब. असता तर मी शिव्या घातल्या नसत्या?"

चौकीत आल्याबरोबर निचितेंनी सुनिलच्या जीपचं बॉनेट उघडायला लावलं. गोळा होता. अगदी जागेवर. पाइप जोडलेले, नट आवळलेले.

"आहे की!" निचितेंनी टोपी काढून मडगार्डवर आपटली. "टर्बो आहे, धूर नाय, दोष नाय. मग शिट्टी का नाय? वैताग आलाय या गाडीचा!"

पायरीवरून धोंडीबाई उठून आली होती. तिनं वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"माजा हात कुठाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"दसऱ्याला मी हितं शेंदराची बोटं वढली व्हती. तेलात कालवून. ह्या गोळ्यावर. शिट्टी ह्याच्यातनं येते, सुनिलनं दावलं व्हतं. म्हटलं, गाडीचा जीव हितं हाय तर शेंदूर पन हितंच लावावा."

गोळ्यावर शेंदूर नव्हता. शेंदराचा डागही नव्हता. जुनं, मळकट, काळपट लोखंड तेवढं होतं.

"धुऊन गेला असेल."

"तेलातला शेंदूर धुतला तरी जातो व्हय? आमचा शेंदराचा वाघोबा पावसात हुबा हाय."

निचितेंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी किल्ली मागवली, स्वतः सुनिलच्या जीपमध्ये बसले आणि कमळूला म्हणाले, "बस." जीप रिकामी होती. तरी उंबरवाडीच्या चढाला तिनं धाप टाकली. पहिला गिअर, पाय तळाला, आणि गाडी कण्हत कण्हत वर सरकली. कुठेही शीळ नाही.

निचितेंच्या तळपायाला ती धाप ओळखीची वाटली. दोन वर्षं रोज त्यांनी ती सोसली होती.

"कमळू, ही कुणासारखी चालते?"

"आपल्या जुन्या गाडीसारखी," कमळू हसत म्हणाला. "म्हंजे आपलीच, पण आधीची."

निचिते हसले नाहीत. चौकीत परत आल्यावर ते एकटेच स्वतःच्या जीपकडे गेले. बॉनेट उघडलं. आत बघितलं. अलगद बंद केलं. मग कमळूला सांगितलं, की त्या साईनाथला सासुरवाडीतून, सासऱ्यासकट आणावा लागला तरी चालेल, पण उद्या इथं आण.

दुसऱ्या दिवशी सगळे चौकीच्या आवारात जमले. सुनिलला कोठडीतून बाहेर आणलं होतं. शहापूरहून अनिल आला होता. नवशा न बोलावता आला होता. साईनाथ गॅरेजवाला दोन पंचांच्या मधे उभा होता आणि रुमालानं मान पुसत होता. धोंडीबाई पायरीवर होती, फडकं मांडीवर.

"साईनाथ, सुनिलच्या गाडीत काय केलंस?"

"ऑइल बदललं साहेब. फिल्टर साफ केला. आणखी काय नाय."

"अनिल, तो गोळा खोल."

अनिलनं सुनिलच्या जीपमधला गोळा सोडवला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. आत काहीच नव्हतं. पंखा नव्हता. भंगारातलं रिकामं कवच.

सुनिलच्या तोंडून शिवी निघाली. साईनाथ जमिनीकडे बघू लागला.

"हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं," निचिते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून कमळू जास्त घाबरला. "धोंडीबाईनं मला भाताचं सांगितलं, मी तिच्यावर खेकसलो. शिट्टी बंद झाली ती गॅरेजातून गाडी आली त्या दिवशी. म्हणजे जे झालं ते गॅरेजात झालं. आता ते बिघडलं की कुणी बिघडवलं? टर्बो आपोआप मेला असता तर काळा धूर आला असता. नवशा मागं चिकटून होता. त्याचा शर्ट पांढराच राहिला."

"व्हय," नवशा पुटपुटला. आपण सुनिलच्या बाजूनं साक्ष देतोय हे त्याला आत्ता कळत होतं.

"म्हणजे ज्यानं टर्बो काढला, त्यानं पंपाचा स्क्रूही मागं फिरवला. डिझेल कमी केलं. धुरानं चोरी कळू नये म्हणून. पंपाचं सील तुटलंय, बघा. आणि बॉनेट उघडलं तर कळू नये म्हणून हे कवच बसवलं. गाडीचं नाव टर्बो राहिलं, ताकद साधीची झाली. पोरानं सोळा माणसं भरली, कारण त्याच्या गाडीला ती रोज झेपायची. हे काम ड्रायव्हरचं नाय, नवशाचं नाय. पाना फिरवणाऱ्याचं आहे."

"साहेब, भंगारातलं कवच कुणीपण घालील," साईनाथ म्हणाला. "माल सापडलाय का? माझ्या गॅरेजची झडती घ्या."

"माल तुझ्या गॅरेजात नाय."

निचिते चालत चौकीच्या जीपपाशी गेले आणि बॉनेट वर केलं.

गोळा तिथं होता. त्याच्यावर शेंदराची पाच बोटं ओढलेली होती, उष्णतेनं काळवंडलेली, पण स्पष्ट. चार लांब. मधलं अर्ध्यातच संपलेलं.

"आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते," निचिते म्हणाले. "जीपला बाहेरून हार घालतो. बॉनेट कुणी उघडत नाय. धोंडीबाई, या हिकडं."

ती आली. तिनं हात पुढे केला आणि गोळ्यावर टेकवला. बोटावर बोट बसलं.

साईनाथनं हात जोडले.

"दोन दिवसांत परत बसवणार व्हतो," तो म्हणाला. "आईची शपथ. दुसरा टर्बो सांगून ठेवला व्हता. जत्रा आडवी आली."

"सगळं एवढं लपवलंस. मग हा शेंदूर का नाय पुसलास? एक फडकं मारलं असतंस, तर मी जन्मभर शोधत बसलो असतो."

साईनाथनं मान वर केली. त्याला प्रश्नच चमत्कारिक वाटलेला दिसला.

"शेंदूर कसा पुसू साहेब? द्येवाच्या नावानं लावलेला. हात नाय धजला."

"टर्बो चोरायला धजला!"

"तो लोखंडाचा व्हता."

"आणि त्याचाच का? नवशाची गाडी पण त्याच दिवशी तुझ्याकडं होती."

साईनाथनं नवशाकडे बघितलं. "नवशानं गॅरेज फोडलं असतं. हा वरच्या वाडीतला गरीब. म्हटलं, गाडी जड झाली तरी हा काय बोलतोय?"

सुनिलच्या मुठी आवळल्या. कमळूनं त्याचा दंड धरला.

आता एकच प्रश्न उरला होता आणि तो निचितेंना विचारायचा नव्हता. त्यांना तो आदल्या दिवशी बॉनेट उघडल्यापासून छळत होता. त्यांनी विचारला.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

साईनाथ एकदम बोलला, आणि त्याच्या आवाजात इतके दिवस दाबलेला सगळा राग होता.

"तुमच्या! मी तुमाला सांगत व्हतो, साहेब, ही साधी हाय, हिला वारा नाय, ही अशीच चालनार. तुमी ऐकून घेतलं का? तुमी बोल्लात, गाडी तीच, नाव तेच, नवशाची चढते मग माझी का नाय? बोल्लात, मला कारणं नकोत. सोमवारपर्यंत चढली नाय तर गॅरेजला कुलूप ठोकीन. दहा मानसांसमोर बोल्लात. मी काय करनार व्हतो?"

निचितेंना आठवलं, त्या दिवशी साईनाथ हातातलं फडकं चुरगाळत काहीतरी समजावत होता आणि आपण अर्ध्यातच वळून निघालो होतो. शहापूरच्या दुकानात तेच उत्तर त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं.

आत फोन वाजला. साहेबच होते. निचितेंनी चौकीची जीप मुद्देमाल म्हणून जप्त करतोय आणि जबाब नव्यानं घेतोय असं सांगितलं, तेव्हा पलीकडचा आवाज पायरीपर्यंत ऐकू आला.

"डोकं ठिकाणावर आहे का, निचिते? स्वतःच्या चौकीची गाडी? आणि पहिला जबाब कुणाचा?"

"माझा, सर," निचिते म्हणाले आणि रिसीव्हर हळू ठेवला. कधी नव्हे तो हळू ठेवला.

ते बाहेर आले तेव्हा धोंडीबाई वाट बघत उभी होती. तिचा प्रश्न अजून तोच होता.

"साहेब, मंग गाडी का नाय चढली?"

निचितेंना टर्बो, हवा, स्क्रू, सगळं सांगता आलं असतं. आता त्यांना ते पाठ झालं होतं.

"माझी चढावी म्हणून तुमची नाय चढली, बाई," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं की कशानं, ते त्यांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. मग ती त्यांना ओलांडून गेली. आवारातल्या दगडावर बसलेल्या सुनिलसमोर ती उकिडवी बसली आणि इतके दिवस रोज आणून रोज परत नेलेलं फडकं तिनं सोडलं. आत भात होता, वर थोडं सुकं कालवण.

"खा रं," ती म्हणाली. "आज कच्चा नाय."

सुनिलनं एक घास घेतला आणि त्याला रडू फुटलं. आईनं अर्ध्या बोटाच्या हातानं त्याच्या तोंडाला लागलेलं शीत पुसलं.

निचिते चौकीत गेले. खुर्ची पुढे ओढली आणि जबाबाच्या कागदावर आपलं पूर्ण नाव, हुद्दा, वय लिहिलं.